तुकुचेच्या चुलीपाशी ठेवलेलं मीठ

मुक्तिनाथला जायचं माझ्या बायकोने ठरवलं. मी फक्त अडचणी सांगितल्या. सोयाबीन निघालं होतं, पण कापसाची पहिली वेचणी बाकी होती. माझं वय बाहत्तर, बीपीची गोळी रोजची, आणि जन्मात सगळ्यात उंच चढलो तो माहूरचा गड. त्यात हा परदेश. धुरपता म्हणाली, "तुमच्या अडचणी एका कागदावर लिहून ठेवा. आल्यावर वाचू."

आम्ही फुलसावंगीजवळच्या तांड्यावरचे. घरी गोरबोली, बाहेर वऱ्हाडी. माझं शिक्षण सातवीपर्यंत. नागपूरला नर्सिंग शिकणारी माझी नात पायल या ब्लॉगवर तिच्या सहली लिहिते. तीच म्हणाली, "दादा, तुम्ही वहीत लिहा, मी टाकते." आमच्यात आजोबाला दादा म्हणतात. शुद्धलेखन तिने तपासलं आहे, बाकी सगळं माझं.

आधी सामानाचं सांगतो, कारण पुढचं सगळं त्यातूनच झालं. पिशवीत गोळ्या, मतदानाचं कार्ड, कानटोपी, भाजलेले शेंगदाणे, ठेचा, खडेमिठाची एक पुडी आणि पळसाच्या पानांचे दोन सुके द्रोण होते. धुरपताने द्रोण बघितले आणि परत पिशवीत ठेवले. तिला माहीत होतं.

आमचे पूर्वज बैलांच्या पाठीवर गोण्या लादून समुद्राकडचं मीठ वऱ्हाडात आणायचे. त्या फिरत्या व्यापाराला आम्ही लदेणी म्हणतो. रेल्वे आली आणि लदेणी बुडाली. माझ्या आजोबांनीही ती फक्त ऐकली होती. पण एक रीत घरात राहिली. ज्या घरी तीन रात्रींपेक्षा जास्त मुक्काम झाला, ज्यांच्या चुलीवरचं खाल्लं, तिथून निघताना आपल्या घरचं मूठभर मीठ त्यांच्या चुलीपाशी ठेवायचं. सांगायचं नाही. आजोबा म्हणायचे, सांगून ठेवलं की त्याचं मोल होतं, आणि जेवणाचं मोल करायचं नसतं. ते मीठ त्यांच्या कालवणात पडून संपलं की पाहुणा चांगला होता असं समजायचं. तरुणपणी ऊसतोडीला गेलो तेव्हा शेजारच्या पाचटाच्या कोपीत ठेवलं. लेकीच्या घरी ठेवतो. आजवर कोणी विचारलं नव्हतं.

दिवाळीनंतर निघालो. पुसदहून अठ्ठावीस जणांची यात्रा होती. पुसद ते नागपूर बस, नागपूरहून गोरखपूरची रेल्वे, एक रात्र आणि वर अर्धा दिवस. गोरखपूरहून सोनौली तीन तास. सीमेवर मी कार्ड हातात धरून उभा राहिलो, पण कोणी मागितलंच नाही. मला त्याचीच जास्त काळजी वाटली. पुढे कोणी म्हटलं, तुम्ही आत आलेच कसे, तर काय सांगायचं? धुरपता म्हणाली, "चालत आलो म्हना."

जाणाऱ्यांसाठी सांगतो. आपल्या शंभराच्या नोटा जवळ ठेवा. त्यांच्या पैशात शंभराचे एकशे साठ होतात. पोखऱ्याला पुढचा परवाना काढावा लागतो, दोन फोटो लागतात. पोखऱ्यापासून वरचा रस्ता पूर्ण दिवस खातो. बेनीपर्यंत बरा, पुढे कुठे डांबर, कुठे नुसते दगड. खिडकीची जागा मिळाली तर डोंगराच्या बाजूची घ्या. मी नदीच्या बाजूला होतो. आठ तास खालच्या काली गंडकीकडे बघत होतो आणि ड्रायव्हर मोबाइलवर बोलला की त्याच्याकडे.

मुक्तिनाथला दर्शन झालं. एकशे आठ धारांखाली धुरपता धावत गेली आणि धावत आली, ओठ निळे पण तोंडावर हसू. मी दहा धारांनंतर खाली बसलो. छातीत भाता चालल्यासारखा आवाज येत होता. जोमसोमच्या दवाखान्यात डॉक्टरांनी तपासलं, ऑक्सिजन लावला आणि सांगितलं, खाली उतरा, पण आज लांबचा प्रवास नको. चार-पाच दिवस विश्रांती घ्या. यात्रेला काठमांडूला जायचं होतं. मी म्हटलं, माझ्यापायी सगळ्यांना नका अडकवू. सातव्या दिवशी रात्री गोरखपूरच्या स्टेशनवर भेटायचं ठरलं, परतीची तिकिटं एकत्रच होती. जीपवाल्याने जोमसोमच्या खाली तुकुचे गावात आम्हा दोघांना एका दारासमोर उतरवलं आणि हाक मारली, "साहुनी!"

साहुनी म्हणजे घराची, दुकानाची मालकीण. मी तिला शेवटपर्यंत साहुनीबाईच म्हटलं. साठीची बाई, गाल सफरचंदासारखे, हात कामाचे. तिने मला वरून खाली बघितलं आणि म्हणाली, "बा, मरने का नहीं. पहले सूप पियो."

लसणाचं सूप, त्यात तिमूर नावाचा जीभ बधिर करणारा दाणा. दुसऱ्या दिवशी मी भिंतीला धरून अंगणात आलो. तिसऱ्या दिवशी भिंत सोडली.

तुकुचे मोठं गाव नाही. दगडी घरं, सपाट छपरं आणि छपरांच्या कडेने रचलेली जळणाची लाकडं. एका अंगाला धवलगिरी, दुसऱ्या अंगाला नीलगिरी, दक्षिणेतली नव्हे, ही बर्फाची. धवलगिरीचं नाव आम्ही शाळेच्या भूगोलात पाठ केलं होतं, आणि इथे तो अंगणातल्या तुळशीइतका जवळ. सकाळी दहा-अकरापर्यंत सगळं शांत असतं. मग खालून नदीच्या पात्रातून वारा सुटतो, तो संध्याकाळपर्यंत. काम असेल ते सकाळीच करा. खोलीचं भाडं एका माणसाच्या दोन वेळच्या जेवणाएवढं. जेवणात डाळभात, गुंद्रुक नावाची आंबवलेली भाजी, आणि फापराच्या, म्हणजे कुट्टूच्या, काळ्या पिठाचं घट्ट ढिंडो. धुरपताने पहिला घास घेतला आणि म्हणाली, "हे तं आपल्या ज्वारीच्या कन्याच हायेत, फक्त उन्हात काळ्या पडल्या."

स्वयंपाकघर बघण्यासारखं. फळीवर पितळेची भांडी अशी घासलेली की त्यात तोंड दिसावं. मधे मातीची चूल, रोज सारवलेली. चुलीशेजारी साहुनीबाईची सून सुनीता बसायची, आठवा महिना भरत आलेला. तिचा नवरा पोखऱ्याला कामाला. तिला हिंदी छान यायची.

चौथ्या दिवशी साहुनीबाईने मला खालची अंधारी खोली दाखवली. तिच्या सासऱ्यांच्या काळात तिथे डोंगरांपलीकडच्या भोट मुलखातून याकांवर आलेलं मीठ साठवायचे आणि खालून आलेल्या धान्याशी बदलायचे. भिंतीचा एक दगड अजून खारट आहे म्हणाली. मी बोट लावून चाखला. खरंच खारट होता. मी म्हटलं, "साहुनीबाई, हमारे पुरखे भी नमक ढोते थे. बैल पर."

ती बघतच राहिली. "आप भी नमकवाले?"

"थे."

"हम भी थे," ती म्हणाली, आणि त्या दिवसापासून मला चहा दोन वेळा जास्त मिळायला लागला.

अजूनही त्या रस्त्याने खेचरं जातात. मानेला घंटा, पाठीवर दोन्हीकडे पोती. घंटा वाजल्या की मी बाहेर जाऊन उभा राहायचो. एकदा एका खेचराची दोरी सरकली होती. मी पुढे होऊन आजोबांनी शिकवलेली गाठ मारून दिली. खेचरवाल्याने ती बघितली, हसला, आणि दुसऱ्या खेचराची गाठ दाखवली. तीच होती.

अंगणाच्या पलीकडे एक दार होतं. ते नेहमी लोटलेलं असे. तिथे साहुनीबाईची धाकटी जाऊ मैना राहायची, एकटी. सफरचंदाच्या बागेला पाणी सोडण्याच्या पाळीवरून वर्षभरापूर्वी दोघींचं वाजलं होतं, तेव्हापासून बोलणं बंद. सुनीताने हळूच सांगितलं. पाण्याच्या पाळीवरून काय होतं ते मला कोणी समजावायला नको. आमच्या कॅनॉलवर सख्खे भाऊ कोर्टात गेले आहेत.

धुरपताला मात्र असं अर्धं अंगण सहन होईना. ती सकाळी उन्हाला बसायची ती बरोबर दोन दारांच्या मधे. भाषा येत नाही, तरी मैनाशी बोलायची. "काय वाळवून राह्यली माय? सफरचंद? अवो, पातळ चिर ना, लवकर वाळते." मैना हसायची. दुसऱ्या दिवशी फोडी पातळ झाल्या.

शेवटच्या संध्याकाळी मैना अंगण ओलांडून आली. हातात वाळलेल्या सफरचंदांची पिशवी, धुरपतासाठी. उंबऱ्यावर थांबली. साहुनीबाई चुलीशी होती. तिने वर बघितलं, परत खाली बघितलं, आणि एक लाकडाचं बसकं पायाने पुढे सरकवलं. मैना आत येऊन बसली. दोघी एकमेकींशी एक अक्षर बोलल्या नाहीत, पण साहुनीबाईने चहाचा पेला भरून तिच्याजवळ ठेवला आणि तिने तो प्यायला. सुनीताने माझ्याकडे बघून डोळे मोठे केले. धुरपता मला म्हणाली, "पाह्यलं? एका वर्साचं काम मी पाच दिवसात केलं."

निघायचा दिवस. जोमसोमची बस साडेसातला तुकुचेत येते, हात दाखवला की थांबते. ती चुकली तर गोरखपूरची रेल्वे चुकली. म्हणून मी पहाटेच उठून तयार. फटफटल्यावर, घर जागं व्हायच्या आत, स्वयंपाकघरात गेलो, पळसाच्या द्रोणात मूठभर खडेमीठ ठेवलं, द्रोण चुलीच्या कडेला सुनीता बसते त्या बाजूला ठेवला, चुलीला हात जोडले आणि मागे न बघता आलो. बरं वाटलं. सांगतो, त्या घरातून निघताना मला रडू येत होतं. पहिल्यांदा ऊसतोडीला आईला सोडून निघालो तेव्हाही एवढं आलं नव्हतं, तेव्हा वय लहान होतं म्हणा.

थोड्या वेळाने किंकाळी ऐकू आली.

आम्ही धावलो. साहुनीबाई चुलीपासून दूर भिंतीला टेकून उभी. सुनीता तिच्या मागे, पोटावर दोन्ही हात. साहुनीबाई द्रोणाकडे बोट दाखवून ओरडत होती. मला त्यातला एकच शब्द कळला, टुना. धुरपता पुटपुटली, "टोना म्हून राह्यली वाट्टे." तेव्हा माझ्या डोळ्यासमोर तो द्रोण तिच्या नजरेने आला. त्या मुलखात पळस नाही. अनोळखी सुकं पान, काट्याने टाचलेलं, त्यात मीठ, आणि गरोदर बाईच्या बसायच्या जागी ठेवलेलं.

साहुनीबाई अंगणात गेली आणि मैनाचं दार दोन्ही हातांनी वाजवायला लागली. मैना बाहेर आली, केस अर्धे विंचरलेले. साहुनीबाई तिच्या तोंडासमोर बोट नाचवून बोलत होती. सुनीता रडत आम्हाला सांगायला लागली, "आमा कहती है काकी ने रखा. कल शाम काकी ही रसोई में आई थी."

शेजारच्या दोन बायका दारात आल्या. एक गडी छपरावरून वाकून बघायला लागला.

 परका देश, आणि मी सांगायचं की हे मी केलं? काय करतील? पोलिस बोलावतील? बस यायला वीस मिनिटं होती. गप्प राहिलो असतो तर बसमध्ये बसून निघून गेलो असतो, कोणाला कधी कळलं नसतं. हे मी खरं लिहितो, क्षणभर हा विचार माझ्या मनात आला. पण आमच्या भागात माझ्या लहानपणी एका बाईवर असाच आळ आला होता. तिने गाव सोडलं. तिचं घर पडेपर्यंत रिकामं होतं, आम्ही पोरं त्याला वळसा घालून शाळेत जायचो. मैनाचा चेहरा मला तसा दिसला. ती गोठल्यासारखी उभी होती.

धुरपताने कोपर मारलं. "मिठाची गुळणी धरून बसले काय? बोला ना!"

मी पुढे गेलो. "साहुनीबाई, वो नमक मेरा है. मैंने रखा."

 तिने माझ्याकडे बघितलं. राग नव्हता, तेच जास्त लागलं. "क्यों, बा? हमने क्या बिगाड़ा?"

"कुछ नहीं बिगाड़ा. खिलाया."

मग मोडक्या हिंदीत जमेल तसं सांगितलं. बैल, गोण्या, आजोबा, चूल, तीन रात्री.  ती ऐकत होती, पण सुनीताचे हात पोटावरून हटत नव्हते. म्हणून मी आत गेलो, द्रोण बाहेर आणला, चिमूटभर मीठ सगळ्यांसमोर तोंडात टाकलं आणि चावलं. धुरपताने पण घेतलं, माझ्यापेक्षा मोठी चिमूट. तोंड वाकडं करून म्हणाली, "आपल्या दुकानातलंच हाय वो, बाई. पुसदचं."

कोणाला शब्द कळले नाहीत, पण सुनीता रडता रडता हसली आणि तिने हात खाली घेतले.

साहुनीबाई कपाळाला हात लावून पायरीवर बसली. "बोलना था न, बा. एक बार बोलना था."

"बोलने से मोल हो जाता है," मी म्हटलं.

"और नहीं बोलने से?" तिने विचारलं आणि मैनाकडे बघितलं.

मैना एक वाक्य बोलली. आत गेली. कडी लागल्याचा आवाज आला. सुनीताने खाली मान घालून सांगितलं, "काकी बोली, एक साल बाद चाय पी, और एक रात में डायन हो गई."

मी त्या दारासमोर गेलो. हिंदी आठवेना, आपलीच भाषा आली. "माय, चूक माह्यी हाय. तुही नाही. दार उघड." दार उघडलं नाही. मी परत म्हटलं. वळणावर बसचा हॉर्न वाजला. मी धुरपताला म्हटलं, जाऊ दे बस. तिने माझ्याकडे बघितलं, ती पण थांबायला तयार होती.

साहुनीबाई उठली. "नहीं बा, आप जाओ. ट्रेन छूटेगी. ये दरवाजा हमने बंद कराया, हम ही बजाएंगे." तिने आमच्या दोघांच्या गळ्यात पांढरा रेशमी पट्टा घातला, तिकडे निरोपाला तसा घालतात. मी द्रोण घेऊन जायला लागलो तर तिने माझ्या हातातून काढून घेतला. "ये रहने दो."

बसने वळण घेतलं तेव्हा मागच्या काचेतून दिसलं. साहुनीबाई मैनाच्या दारासमोर चहाचा पेला घेऊन उभी होती. दार बंद होतं. वारा अजून सुटला नव्हता. मग डोंगर आडवा आला.

परतीचा प्रवास कसा झाला ते मला नीट सांगता येणार नाही. बेनी, पोखरा, सोनौली, सगळं गेलं. गोरखपूरला यात्रेतले लोक काठमांडूचे फोटो दाखवत होते. मी हो हो म्हणत होतो. घरी आलो, कापूस वेचायला झालेला होता, वेचला. पायलने विचारलं, "दादा, कसं होतं?" मी म्हटलं, जा तू एकदा. सूप पी, घंटा ऐक, वाऱ्याआधी फिरून ये. आणि कोणाकडे काही ठेवशील तर सांगून ठेव. मी स्वतः आता तसंच करतो. लेकीकडून निघताना मोठ्याने म्हटलं, "मीठ ठेवलं बरं." जावई म्हणाले, "आमच्या घरी आहे ना, मामा." म्हणू देत.

पण झोप लागत नव्हती. रात्री कूस बदलली की ते बंद दार. सुनीताचा नंबर होता, लावायची हिंमत नव्हती. दार उघडलंच नसेल तर?

महिन्याने तिकडूनच फोन आला. आवाज साहुनीबाईचा. मी आधी तेच विचारलं, "मैना ने दरवाजा खोला?"

"नहीं खोला," ती म्हणाली. रोज सकाळी चहा उंबऱ्यावर ठेवायची, रोज पेला रिकामा होऊन उंबऱ्यावरच परत यायचा, दार बंदच. मग एका दुपारी, भर वाऱ्यात, सुनीताला वेळेआधी कळा सुरू झाल्या. जोमसोमहून जीप यायला वेळ लागत होता. साहुनीबाईने कोणाला बोलावलं नव्हतं. ते दार धाडकन उघडलं आणि मैना आली. सुनीताला मांडीवर धरून जीपच्या मागच्या सीटवर दवाखान्यापर्यंत तीच बसली. मुलगी झाली. दोघी बऱ्या आहेत.

"घर आकर मैना ने बच्ची की माँ के लिए सूप चढ़ाया," साहुनीबाई म्हणाली. "मुझसे पहली बात बोली, नमक कहाँ है. मैंने आपका वाला दिया. रोज वही डालती थी."

"अब?" मी विचारलं.

"अब क्या, बा. खत्म हो गया."

मी फोन हातात धरून तसाच बसलो. धुरपता चुलीपाशी बसूनच म्हणाली, "काय झालं? काहून गप्प झाले?"

"मीठ संपलं म्हंते."

"मंग झालं ना," ती म्हणाली. "आता तरी झोपा."